प्रवेशापासून पदवीपर्यंत : भोपाळच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा इतिहास

मराठी वाचकाच्या मनात भोपाळ हे नाव बहुधा शालेय इतिहासाच्या पुस्तकातून प्रथम शिरते. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळपाशी कोंडून धरले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराई येथे तह होऊन माळव्यावरील मराठ्यांचा हक्क मान्य झाला. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी याच शहराला वेढा घातला व वजीर मुहम्मद खानाने तो महिनोन् महिने सोसून शहर राखले. वेढ्यात तटबंदीपेक्षा कोठारातील धान्याला अधिक महत्त्व असते. धान्य संपले की अभेद्य तटही निरुपयोगी ठरतो, हा लष्करी इतिहासातला जुना धडा होय.

हा धडा शिक्षणाच्या इतिहासालाही लागू पडतो. महाविद्यालयांचे इतिहास सामान्यतः इमारती, प्राचार्य, विद्याशाखा आणि गुणवंत विद्यार्थी यांच्या अंगाने लिहिले जातात. ज्याने उमेदीने प्रवेश घेतला आणि दुसऱ्या वर्षी जो वर्गात दिसेनासा झाला, त्याची नोंद अशा इतिहासात होत नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे काही दिवस गैरहजेरीच्या खुणा पडतात आणि मग ते नाव खोडले जाते. त्याची बुद्धी कमी पडली असे क्वचितच असते. बहुतेक वेळा त्याचे कोठार रिते झालेले असते. विद्यार्थी महाविद्यालयात का टिकतो आणि का गळतो, या प्रश्नाच्या अनुरोधाने भोपाळचा गेल्या शतकाचा इतिहास पाहिला, तर तो अनेक अंगांनी उद्बोधक ठरतो.

महाविद्यालय नसलेली राजधानी

१८१९ ते १९२६ या काळात भोपाळ संस्थानाची सूत्रे एकामागून एक चार बेगमांच्या हाती होती. कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ या चौघींपैकी शेवटच्या दोघींच्या कारकिर्दीत शिक्षणाकडे, आणि विशेषतः मुलींच्या शिक्षणाकडे, जाणीवपूर्वक लक्ष पुरवले गेले. सुलतान जहाँ बेगमांचा लौकिक तर संस्थानाच्या सीमा ओलांडून गेला. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती म्हणून त्यांचीच निवड झाली. बुरख्याआडून राज्य चालवणारी स्त्री एका नामांकित विद्यापीठाची कुलपती व्हावी, ही त्या काळी असाधारण घटना होती.

परंतु या गौरवाला दुसरी बाजूही आहे. ज्या काळात भोपाळची राज्यकर्ती अलीगढची कुलपती होती, त्या काळात खुद्द भोपाळमध्ये पदवीपर्यंत शिकण्याची सोय नव्हती. शेजारच्या इंदुरात होळकर महाविद्यालय १८९१ पासून चालू होते, ग्वाल्हेरला व्हिक्टोरिया कॉलेज होते, नागपूरला १९२३ पासून विद्यापीठच होते. भोपाळच्या मुलाला मात्र मॅट्रिकनंतर गाठोडे बांधावे लागे. राजपुत्र हमीदुल्ला खान अलीगढला शिकले. १९१८ मध्ये भोपाळात जन्मलेले आणि पुढे १९९२ ते १९९७ या काळात भारताचे राष्ट्रपतिपद भूषविणारे डॉ. शंकरदयाळ शर्मा यांचे उच्च शिक्षण आग्रा, अलाहाबाद, लखनौ आणि शेवटी केंब्रिज येथे झाले. त्यांच्या शिक्षणक्रमातील गावांची यादी वाचली की विद्वत्तेचा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याबरोबरच हेही ध्यानात येते की, ज्या घराला परगावचा खर्च पेलत नसे, त्या घरच्या मुलाचे शिक्षण भोपाळच्या स्थानकावरच संपत असे. अशी गळती महाविद्यालयाच्या दारात पोहोचण्यापूर्वीच होऊन जाई, त्यामुळे ती गळती म्हणून कोणाच्या ध्यानीही येत नसे.

१९४६ मध्ये हमीदिया महाविद्यालय सुरू झाले आणि ही परिस्थिती पालटू लागली. त्याच वर्षी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, हा योगायोग लक्षणीय आहे. एक संस्थानिकाच्या नावाने निघालेले, तर दुसरे वंचितांच्या शिक्षणासाठी निघालेले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, कारण त्याच्या चालकांनी नोकरी करून शिकणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला होता. वेळापत्रक हीदेखील विद्यार्थ्याला टिकवून धरणारी गोष्ट असू शकते, हे त्यातून दिसून आले. हमीदियात प्रारंभापासून चांगले अध्यापक मिळाले. उर्दू कवी जाँनिसार अख्तर हे ग्वाल्हेरचे व्हिक्टोरिया कॉलेज सोडून येथे उर्दू-फार्सी शिकवू लागले आणि त्यांच्या पत्नी सफिया अख्तर याही याच महाविद्यालयात अध्यापिका होत्या. १९४९ च्या अखेरीस जाँनिसार मुंबईला गेले. सफिया नोकरी व दोन मुले सांभाळीत मागे राहिल्या आणि १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. या कुटुंबाचा उल्लेख पुढे पुन्हा यावयाचा आहे.

राजधानी आणि मराठी कुटुंबे

१ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थानाचा कारभार भारत सरकारकडे आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी म्हणून या शहराची निवड झाली. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ असे चार घटक एकत्र आले; विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. आतापर्यंत नागपुरात असलेले मध्य प्रदेशाचे सचिवालय आणि ग्वाल्हेर-इंदूर येथून चालणारा मध्य भारताचा कारभार या दोन्हींतील कर्मचारी भोपाळला येऊ लागले. यांत मराठी भाषकांचा भरणा साहजिकच मोठा होता. तलावाकाठच्या निवांत संस्थानी गावात नवी वसाहत उभी राहू लागली, अवजड विद्युत सामग्रीच्या कारखान्याने देशभरातून माणसे आणली आणि शहराची वस्ती झपाट्याने वाढली.

बदलीवर आलेल्या या कुटुंबांपुढे घराच्या खालोखाल मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न होता. नागपूर किंवा इंदूर येथे महाविद्यालये जुनी, अध्यापक ओळखीचे, नातेवाईक हाकेच्या अंतरावर. भोपाळात सारेच नवे. गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९५५ मध्ये निघाले होते. १९६० मध्ये मौलाना आझाद तंत्रशास्त्र महाविद्यालय सुरू झाले. त्याला स्वतःची इमारत नव्हती. १२० विद्यार्थी आणि ७ अध्यापक एवढ्या सामग्रीवर ते शासकीय तंत्रनिकेतनात भरू लागले आणि त्याच्या उभारणीची प्राथमिक जबाबदारी तंत्रनिकेतनाचे प्राचार्य एस. आर. बीडकर यांच्यावर होती. २३ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांची रचनाच अशी होती की, निम्मे विद्यार्थी त्या राज्याचे आणि निम्मे इतर राज्यांचे असावेत. त्यामुळे वसतिगृह हे या संस्थांचे आवश्यक अंग झाले. २००२ मध्ये याच संस्थेला राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचा दर्जा मिळाला.

मराठी समाजाच्या दृष्टीने याहूनही जवळची संस्था म्हणजे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने श्यामला टेकडीवर उभारलेले प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय, आजची प्रादेशिक शिक्षण संस्था. तिच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र आणि गोवाही येतात. त्यामुळे शिक्षक होऊ इच्छिणारी मराठी मुलेमुली चार वर्षांच्या एकात्म अभ्यासक्रमासाठी भोपाळला येत राहिली. एकाच वर्गात मराठी, गुजराती, हिंदी आणि कोकणी घरांतून आलेली मुले बसत. ती टिकावयाची तर शिकवण्याच्या कौशल्याबरोबर निवासाची, भाषेची आणि सोबतीची तरतूद हवी, हे अशा संस्थेला पहिल्या दिवसापासून ओळखावे लागते.

खोली आणि भाकरी

विद्यार्थ्याच्या पोटाची आणि निवाऱ्याची चिंता ही समाजाची जबाबदारी आहे, ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. माधुकरी मागून आणि वार लावून जेवणारे विद्यार्थी हे पुण्याच्या एकोणिसाव्या शतकातील जीवनाचे नित्याचे दृश्य होते. आठवड्याचे सात वार सात घरी. एखाद्या घरी सोयरसुतक आले तर त्या दिवशी उपास. या व्यवस्थेने अनेकांना विद्या दिली, तथापि तिच्यात जातीची मर्यादा होती आणि आश्रिताचे मिंधेपणही होते. पुढील पिढ्यांनी त्याच गरजेची अधिक सन्मान्य उत्तरे शोधली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पाठोपाठ अनेक जातिधर्मांसाठी वसतिगृहे निघाली. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह उभे केले. पुढे १९४७ च्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात श्रम करून शिकण्याची रीत त्यांनी उच्च शिक्षणातही आणली. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले तेव्हा वसतिगृहाचा विचार त्याच्याबरोबरच झाला. १९५५ मध्ये पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहायक समिती स्थापिली. खेड्यातून येणाऱ्या मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय मिळाली, तर उरलेले तो स्वतः करतो, हा त्या कार्यामागील विश्वास होता.

भोपाळमध्ये या जातीच्या संस्था एवढ्या प्रमाणात नव्हत्या. तेथे वैयक्तिक आस्थेने ती उणीव कशी भरून काढली, याचे एक बोलके उदाहरण लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. जाँनिसार आणि सफिया यांचे पुत्र जावेद अख्तर अलीगढचे शालेय शिक्षण आटोपून १९६० च्या सुमारास भोपाळात आले आणि सैफिया महाविद्यालयात शिकू लागले. ज्या शहरात त्यांच्या आईवडिलांनी महाविद्यालयीन अध्यापन केले, त्याच शहरात या विद्यार्थ्याला स्वतःचे घर नव्हते. ‘तरकश’ या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितासंग्रहाच्या प्रारंभी त्यांनी त्या दिवसांचे प्रांजळ वर्णन केले आहे. काही काळ मित्रांकडे आसरा, मग महाविद्यालयाने आपल्या आवारातील एक रिकामी खोली विनामूल्य राहावयास दिलेली, बरोबर राहणारा एक मित्र शिकवण्या करून दोघांच्या जेवणाचा भार उचलणारा. वादविवाद स्पर्धांत यश मिळत होते आणि त्या काळी भोपाळची महाविद्यालये ज्याच्या कक्षेत होती, त्या उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाच्या चमूतून युवक महोत्सवालाही जाता आले. पदवी हाती पडल्यावर ऑक्टोबर १९६४ मध्ये ते मुंबईला पोहोचले. त्यानंतरची कहाणी सर्वश्रुत आहे.

या उदाहरणाचे महत्त्व पुढील कीर्तीत शोधण्याचे कारण नाही. १९६२-६३ च्या सुमारास त्या खोलीत राहणारा मुलगा हा कोणत्याही शिष्यवृत्तीच्या यादीत नसलेला, डोक्यावर छप्पर नसलेला एक सामान्य विद्यार्थी होता. त्याला चार गोष्टींनी धरून ठेवले. संस्थेने खोली दिली, मित्राने अन्न दिले, व्यासपीठाने ओळख दिली आणि महाविद्यालयाच्या आवाराने आपलेपणा दिला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये महाविद्यालयीन गळतीची जी उपपत्ती मांडली, तिचा गाभाही असाच आहे. विद्यार्थी अभ्यासक्रमात किती रमतो आणि संस्थेच्या सामाजिक जीवनात किती मिसळतो, यांवर त्याचे टिकणे अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या उपपत्तीवर पुढे टीकाही झाली. घरापासून तुटून संस्थेत मिसळणे तिने गृहीत धरले, पण अनेकांना घरच्यांचा आधारच टिकवून धरतो, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. भारतीय अनुभव या दोन्ही बाजूंना दुजोरा देतो. सैफियातील ती खोली मात्र एक मर्यादाही दाखवून देते. ती एकच होती. सद्‍भावाने एक विद्यार्थी तरतो, शंभरांसाठी व्यवस्था उभारावी लागते.

अशा व्यवस्थेचा विचार देशपातळीवर झाला नव्हता असे नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थिकल्याणाची चर्चा केली होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक होते, विद्यार्थिसेवा हा शिक्षणाचाच अविभाज्य भाग मानला. ज्यांना घरी अभ्यासाला जागा नाही अशा मुलांसाठी दिवसभराची अभ्यासकेंद्रे असावीत, आरोग्यसेवा व मार्गदर्शन असावे, काम करून शिकणाऱ्यांसाठी पत्रद्वारा आणि सायंकालीन शिक्षण असावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. १९४४ पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही अनुसूचित जातींच्या आणि पुढे जमातींच्या विद्यार्थ्यांना टिकवणारी सर्वांत व्यापक योजना ठरली. तथापि शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि ती वेळेवर हाती पडणे यांतील अंतर हे विद्यार्थ्याच्या दृष्टीने निर्णायक असते. खाणावळवाला महिन्याच्या एक तारखेला पैसे मागतो. मार्चअखेर येणारी रक्कम त्याला सप्टेंबरात दाखवता येत नाही.

भाषेचा उंबरठा

१९७० मध्ये भोपाळला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. १९१५ मध्ये काबूल येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थानच्या हंगामी सरकारचे पंतप्रधान, भोपाळचे सुपुत्र मौलाना बरकतउल्ला यांचे नाव त्याला १९८८ मध्ये देण्यात आले. स्थानिक विद्यापीठामुळे सभोवतालच्या जिल्ह्यांतील, विशेषतः खेड्यांतील, मुले महाविद्यालयात येऊ लागली. त्याबरोबर आतापर्यंत दबून राहिलेला एक प्रश्न उघड झाला, तो भाषेचा होय.

हिंदी माध्यमातून बारावी झालेला मुलगा विज्ञान, वैद्यक वा अभियांत्रिकीच्या वर्गात बसला की पहिले काही महिने त्याला विषयाआधी भाषेशीच झुंजावे लागते. तो प्रश्न विचारत नाही, कारण प्रश्न इंग्रजीत जुळत नाही. अध्यापकाला वाटते, मुलाला समजले. परीक्षेत तो नापास होतो आणि त्याची नोंद ‘कच्चा’ अशी होते. भोपाळमधील मराठी मुलांच्या बाबतीत हा उंबरठा दुहेरी होता. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि वरच्या वर्गात इंग्रजी अशा तीन पायऱ्या त्यांना चढाव्या लागत. अनेकांनी त्या सहज चढल्या, हेही नमूद केले पाहिजे. बहुभाषिकता हे त्यांचे बळही ठरले. परंतु ज्यांच्या घरी पुस्तके आणि शिकलेले वडीलधारे होते त्यांचे बळ आणि पहिल्याच पिढीतील विद्यार्थ्याचे बळ सारखे नव्हते.

भारतीय भाषांत विद्यापीठीय ग्रंथ सिद्ध करण्याच्या केंद्र शासनाच्या योजनेतून १९६९ च्या सुमारास भोपाळात मध्य प्रदेश हिंदी ग्रंथ अकादमी सुरू झाली. महाराष्ट्रात नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने हेच काम मराठीत केले. भोपाळच्या अकादमीने स्वस्त किमतीत हिंदी पाठ्यग्रंथ उपलब्ध करून दिले आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना त्यांचा मोठा आधार झाला. मराठीतील मंडळाचा अनुभव मात्र वेगळा होता. उत्तम ग्रंथ निघाले, पण महाविद्यालयांतून मराठी माध्यमाला अपेक्षित प्रतिष्ठा न लाभल्याने त्यांतील कित्येक कपाटांत पडून राहिले. ग्रंथ, माध्यम आणि परीक्षा या तिन्ही गोष्टी एका दिशेने चालल्या तरच विद्यार्थ्याला लाभ होतो, असा याचा निष्कर्ष आहे. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्येच वैद्यकीय पदवीच्या पहिल्या वर्षाची शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यांतील पारिभाषिक संज्ञा बव्हंशी इंग्रजीच ठेवून देवनागरीत छापल्या आहेत. या उपक्रमाविषयी मतभेद आहेत. तो यशस्वी ठरला की नाही, याची कसोटी मात्र एकच असावी. पहिल्या वर्षी अडखळणारे किती विद्यार्थी त्याच्या आधाराने दुसऱ्या वर्षात गेले, हे पाहिले पाहिजे.

ती रात्र

भोपाळच्या कोणत्याही इतिहासात २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र टाळता येत नाही. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग पुढे वायुबाधित म्हणून घोषित झाले. हमीदिया रुग्णालय आणि त्याला लागून असलेले गांधी वैद्यकीय महाविद्यालय येथे पहाटेपर्यंत माणसांची रीघ लागली. वैद्यकीय विद्यार्थी आणि आंतरवासी डॉक्टर, ज्यांपैकी कित्येकांनी यापूर्वी मृत्यू जवळून पाहिलाही नव्हता, ते अध्यापकांच्या खांद्याला खांदा लावून राबले. १६ डिसेंबर रोजी उरलेला वायू निकामी करण्यासाठी कारखाना पुन्हा चालवण्यात आला, त्यापूर्वीच्या दिवसांत भीतीपोटी शहर दुसऱ्यांदा ओस पडले. बाहेरगावहून शिकण्यासाठी आलेली मुले आपापल्या गावी परतली.

१९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि पुढे मृत्यू, कायमचे अपंगत्व, तात्पुरते अपंगत्व अशा वर्गवारीने दावे निकालात निघाले. शिक्षण सुटणे हा त्यांतील एखादा वर्ग नव्हता. परंतु जुन्या शहरातील हमाली, विणकाम वा छोट्या दुकानदारीवर चालणाऱ्या घरात मिळवत्या माणसाला धाप लागू लागली, की त्या घरातील थोरल्या मुलाचे महाविद्यालय हा पहिला वाचवण्याजोगा खर्च ठरतो. मुलगी असेल तर ती आजाऱ्याच्या उशाशी बसते. अशा निर्णयांना तारीख नसते, कागद नसतो. आपत्तीनंतर रुग्णालये आणि दावा न्यायालये उभारली जातात, ते आवश्यकच असते; त्यांच्या जोडीने महाविद्यालयांतील पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची घरोघर जाऊन विचारपूस करण्याची व्यवस्थाही असावयास हवी, हा भोपाळचा धडा आहे. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, देशभरातील महाविद्यालयांना त्याच धड्याची पुन्हा आठवण झाली. वर्ग भ्रमणध्वनीवर आले आणि ज्या घरात एकच यंत्र होते तेथे ते कोणाच्या हाती जाणार, यावर भावाबहिणींपैकी कोण शिकणार हे ठरू लागले.

गावच्या मुली आणि नवे दरवाजे

बेगमांच्या या शहरात मुलींच्या शिक्षणाला निदान वरून विरोध नव्हता. महाराणी लक्ष्मीबाई आणि सरोजिनी नायडू यांच्या नावांची शासकीय कन्या महाविद्यालये कित्येक पिढ्यांचा आधार झाली. खेड्यातील मुलीची अडचण निराळी होती. गावापासून महाविद्यालयापर्यंतचा एसटीचा खर्च आणि संध्याकाळी परतण्याची वेळ या दोन गोष्टींवर तिचे शिक्षण अडत असे. २००५ मध्ये मध्य प्रदेश शासनाने ‘गाव की बेटी’ योजना सुरू केली. गावातील शाळेतून बारावी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला वर्षातील १० महिने दरमहा ५०० रुपये देण्याची ती योजना होती. रक्कम लहान असली तरी तिचा रोख अचूक होता. ती प्रवेशाच्या दिवशी एकदाच न देता महिन्यामहिन्याने द्यावयाची होती, म्हणजे तिचा संबंध टिकून राहण्याशी जोडलेला होता. २०१७ च्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेने मंडळाच्या परीक्षेत ७० टक्क्यांवर गुण मिळविणाऱ्या मर्यादित उत्पन्नाच्या घरांतील मुलांच्या शुल्काचा भार उचलला. दोन्ही योजनांची अट गुणवत्तेची आहे. परंतु गळणाऱ्यांत मोठा वाटा मध्यम गुणांच्या विद्यार्थ्यांचा असतो, आणि त्यांच्याकडे पाहणारी दृष्टी अद्याप पुरेशी तयार झालेली नाही.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते, त्यांपैकी २ कोटी ७ लाख मुली होत्या. १८ ते २३ या वयोगटाशी असलेले ढोबळ नोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे आकडे नाव दाखल करणाऱ्यांचे आहेत. मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून हे धोरण उच्च शिक्षणात अमलात आणले. त्यानुसार एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते, मिळवलेली श्रेयांके २०२१ पासूनच्या श्रेयांक बँकेत जमा राहतात आणि पुढे परत येता येते. ज्याला घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबवावे लागते त्याची वर्षे वाया जात नाहीत, हा या व्यवस्थेचा मोठा गुण होय. तिच्यात एक धोकाही आहे. बाहेर पडण्याचा दरवाजा सन्माननीय झाला, की तो का ओलांडला गेला हे विचारण्याची निकड संस्थेला उरत नाही. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन गेलेला विद्यार्थी स्वेच्छेने गेला की खाणावळीचे पैसे थकले म्हणून गेला, हा भेद कागदावर दिसत नाही. तो पाहण्यासाठी माणूसच लागतो.

ग्रंथालयाचे बाक

अशा माणसांत अध्यापकाबरोबर ग्रंथपालाची गणना करावी लागेल. १८२८ मध्ये रत्नागिरीला सुरू झालेल्या नगर वाचनालयापासून मराठी मुलखात ग्रंथालयांची जी परंपरा वाढली, तिच्यात कादंबऱ्या आणि नियतकालिके यांच्या बरोबरीने विद्यार्थ्याचे स्थान राहिले आहे. गावोगावच्या वाचनालयांनी अभ्यासिका काढल्या, क्रमिक पुस्तकांचे संच ठेवले. महाग पाठ्यपुस्तके वर्षभर वापरावयास देऊन परत घेणारी ग्रंथपेढी ही कल्पना शासनाने १९७८-७९ पासून वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखांतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वीकारली. ग्रंथालयांना ती आधीपासून परिचित होती. भोपाळच्या जुन्या शहरात सुलतान जहाँ बेगमांच्या काळात एडवर्ड संग्रहालय म्हणून उभारलेल्या लाल दगडाच्या देखण्या इमारतीत आज मौलाना आझाद केंद्रीय ग्रंथालय आहे. संस्थानी वैभव मांडण्यासाठी बांधलेल्या दालनांत आता स्पर्धापरीक्षेची आणि पदवीची पुस्तके घेऊन मुले बसतात. घरी दोन खोल्यांत सहा माणसे असलेल्या मुलाला तेथे एक बाक, एक दिवा आणि काही तासांची शांतता मिळते.

ग्रंथालयात रोज येणारा विद्यार्थी चार दिवस दिसला नाही, तर ते महाविद्यालयाच्या कार्यालयाआधी ग्रंथपालाच्या ध्यानात येते. त्या वेळी केलेली चौकशी, सोडवून दिलेला दंड, एखादे पुस्तक आणखी आठवडाभर ठेवून घेण्याची मुभा या गोष्टी कोणत्याही आयोगाच्या अहवालात बसत नाहीत. परंतु वेढा घातलेल्या शहराला रात्रीच्या अंधारात पोहोचलेली एक बैलगाडी धान्य जसे पुढच्या दिवसापर्यंत तगवते, तशी ती मदत विद्यार्थ्याला पुढच्या परीक्षेपर्यंत नेते. शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाच्या नोंदवह्यांत ज्यांची नावे सापडतात, त्यांतील कित्येकांची पदवी अशाच एखाद्या आठवड्याच्या मुदतवाढीवर उभी असेल.